जेनोआचं गालाता सागरी संग्रहालय: तिसऱ्या मजल्यासाठी दम राखून ठेवा

इटलीतल्या जेनोआ बंदरात एकच संग्रहालय पाहण्याइतका वेळ असेल, तर मत्स्यालयासमोरची रांग सोडून सरळ गालाता गाठावं. प्रिन्चिपे रेल्वे स्टेशनपासून पायी दहाएक मिनिटं लागतात. मेट्रोने आल्यास दर्सेना स्टेशनवर उतरायचं. दर्सेना म्हणजे जुनी गोदी. जेनोआ स्वतंत्र प्रजासत्ताक होतं तेव्हा त्याच्या युद्धनौका इथेच बांधल्या जात. गालाता हे नाव मात्र इस्तंबूलचं: तिथल्या जेनोवी वसाहतीचं, जिचा 1348 चा मनोरा अजून उभा आहे. संग्रहालय 2004 साली उघडलं. जुन्या इमारतीला काचेचं आवरण चढवणारी रचना स्पॅनिश वास्तुविशारद गियेर्मो वास्केस कोन्सुएग्रा यांची.

पाहायचं ते खालून वर, कारण मजले काळाच्या क्रमाने लावलेत. तळमजल्यावर कोलंबसच्या दालनात गर्दी असते. तिथलं चित्रकार गिर्लांदायोच्या नावावर असलेलं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे, पण ते त्याला समोर बसवून काढलेलं नाही. कोलंबसचं तसं खात्रीचं एकही चित्र उपलब्ध नाही. तेव्हा इथे फार न रेंगाळता सतराव्या शतकातल्या गॅलीच्या पूर्णाकृती प्रतिकृतीकडे वळावं.

या वल्ह्यांच्या युद्धनौकेपाशी निदान अर्धा तास द्या. आधीच्या काळात एकेका बाकावरचा प्रत्येक माणूस स्वतःचं वेगळं वल्हं मारी, त्यासाठी कसलेले वल्हेकरी लागत. सोळाव्या शतकात एकाच लांब वल्ह्याला चार-पाच जण जुंपण्याची पद्धत रुळली. त्यातल्या एकाला लय कळली की पुरे, बाकीचे नवखे चालत. म्हणून कैदी आणि गुलाम बसवणं सोपं झालं. तिसरा प्रकार 'बुओनावोल्या', म्हणजे पगारावर आलेले; त्यातले बरेच कर्जापायी. डोकं सगळ्यांचं भादरलेलं. गुलामाला शेंडी आणि बुओनावोल्याला मिशी ठेवायची मुभा, म्हणजे कोण कोणत्या वर्गातला ते लांबूनच कळावं. जेनोआचा नौसेनानी आंद्रेआ दोरिया याने 1528 मध्ये फ्रान्सची बाजू सोडून सम्राट पाचव्या चार्ल्सशी करार केला, तो अशाच गॅलींच्या ताफ्याच्या जोरावर. तळमजल्यावरचं दोरियाचं दालन त्यामुळे गॅलीनंतर पाहिलेलं जास्त कळतं.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर शिडाची जहाजं, नकाशे, मॉडेलं. छान आहेत, पण बहुतेकांचा वेळ आणि पाय इथेच संपतात आणि तिसरा मजला घाईत उरकला जातो. तसं होऊ देऊ नका. स्थलांतराचं दालन तिथे आहे: आगबोटीतले तिसऱ्या वर्गाचे दाटीवाटीचे बंक, बुएनोस आयरेसची बोका वस्ती, ब्राझीलचा मळा आणि न्यू यॉर्कच्या एलिस बेटावरची तपासणी. बोकातले जुने रहिवासी मोठ्या संख्येने जेनोआचेच. तिथल्या बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबला 'जेनोवेकर' अर्थाच्या जुन्या शब्दाने आजही हाक मारतात. समुद्रापलीकडून श्रीमंती आणणाऱ्या शहराने आपली माणसं कशी पाठवली, हे इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारी जागा दुसरी सापडणं कठीण.

गच्चीवरून लान्तेर्ना दीपस्तंभ दिसतो, 1543 चा, 77 मीटर उंच.

बाहेर पाण्यातच नाझारियो साउरो ही 2002 मध्ये निवृत्त झालेली पाणबुडी उभी आहे. आत अरुंद वाट, खड्या शिड्या आणि वाकून ओलांडायचे गोल दरवाजे. पाठीवरची पिशवी आधी ठेवून या. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर हा भाग सोडावा. संग्रहालय आणि पाणबुडी मिळून चार तास धरा.

पैशाचा इतिहास हवा असेल तर धक्क्याने चालत पालाझ्झो सान जोर्जोपर्यंत जा. इमारत 1260 ची. 1407 मध्ये स्थापन झालेल्या सान जोर्जो बँकेचं ठाणं इथे होतं. प्रजासत्ताकाचं कर्ज आणि जकात तीच सांभाळी, काही काळ कॉर्सिकाचा कारभारही. आता तिथे बंदराचं कार्यालय आहे, पण समुद्राकडची रंगवलेली भिंत केव्हाही बाहेरून पाहता येते.