हाताला मुंग्या आल्या, म्हणजे रेकी आली?

साडेतेहेतीस हजार रुपये गेले. रक्कम आमच्यासाठी लहान नाही, पण लिहायला बसलोय ते त्यासाठी नाही. रेकी, म्हणजे हातातून ऊर्जा देऊन बरं करतो असं सांगणारी पद्धत. तिच्या क्लासवाल्या मॅडमनी माझ्या वहिनींचा दम्याचा पंप बंद करायला लावला आणि ऐन गळीत हंगामात वहिनींना ऑक्सिजनवर ठेवायची पाळी आली. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे नाव देत नाही. पद्धत मात्र सगळी सांगतो, कारण ती ओळखता आली की नावाची गरज पडत नाही.

पहिली लेव्हल माणशी साडेतीन हजार. दादाला दुकान सोडता येईना म्हणून वहिनींच्या सोबतीला मी गेलो. भिंतीवर मिकाओ उसुईंचा फोटो, उदबत्ती, मंद बासरी. आधी तासभर इतिहास. उसुईंनी १९२२ मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपवास आणि ध्यान केलं आणि तिथून रेकी सुरू झाली, हे साधारण सगळीकडे असंच सांगतात. पण पुढे मॅडमनी त्यांना शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर करून टाकलं. शोध घेणाऱ्यांना त्या विद्यापीठात उसुईंची कसलीही नोंद सापडलेली नाही. ही कथा हवाईच्या रेकीशिक्षिका हावायो टकाटा यांच्या परंपरेतून पसरली. मास्टर लेव्हलला दहा हजार डॉलर घ्यायचा पायंडाही टकाटाबाईंचाच. त्यांचीच आणखी एक गोष्ट: उसुईंनी भिकाऱ्यांना फुकट बरं केलं आणि ते पुन्हा भीक मागायला बसले, म्हणून मोबदला दिल्याशिवाय रेकी लागू पडत नाही. आमच्याकडे ही गोष्ट चहाच्या सुट्टीच्या बरोबर आधी सांगितली आणि सुट्टीत दुसऱ्या लेव्हलचे फॉर्म फिरले. फीला म्हणायचं ‘एनर्जी एक्स्चेंज’. पावती मागितली तर कागदावर ‘ऐच्छिक देणगी’.

खरी मेख दुपारी होती. दीक्षेआधी ‘शुद्धी’ म्हणून सगळ्यांना सतरंजीवर आडवं केलं आणि तोंडाने जोरजोरात, न थांबता श्वास घ्यायला लावला. संगीत वाढत गेलं. थोड्या वेळात माझ्या ओठांभोवती बधिरपणा आला, मग बोटांत मुंग्या, आणि नंतर तर अंगठा आपोआप तळहाताकडे वळून बोटं ताठ झाली. सोडवायला गेलो तर सुटेनात. शेजारची बाई रडत होती. मॅडम प्रत्येकाजवळ येऊन कानात विचारायच्या, “जाणवतेय ना ऊर्जा?” आता बोटं वळलेला माणूस नाही कसं म्हणेल?

नंतर आमच्या फॅमिली डॉक्टरांना हे सांगितलं, तर त्यांनी मला तिथेच स्टुलावर बसवून भराभर श्वास घ्यायला सांगितलं. मिनिट-दोन मिनिटांतच ओठांभोवती त्याच मुंग्या. ना दीक्षा, ना उदबत्ती. कारण सरळ आहे. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून मुंग्या येतात, बोटं वळतात. निरोगी माणसाचं हे श्वास शांत केला की आपोआप उतरतं. पण हृदयरोग, फिट्स, फार वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तिथे हा खेळ अंगाशी येऊ शकतो, आणि दमेकऱ्याला तर नुसत्या जोरजोरात श्वास घेण्यानेही धाप लागू शकते. हॉलमध्ये यातलं काहीही कुणाला विचारलं नव्हतं. फॉर्मवर जन्मतारीख आणि रास तेवढी होती.

मुंग्यांचा असा ‘पुरावा’ मिळाल्यावर पुढचं सोपं झालं. दुसरी लेव्हल अकरा हजार. स्फटिक आणि तांब्याचा पिरॅमिड साडेसहा हजार. महिन्याला तीन हजारांचं डिस्टन्स हीलिंग, म्हणजे वहिनींचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि रात्री दहाला पडून राहायचं. मग एकदा फोनवर, “ताई, पंप म्हणजे कुबडी. कुबडी टाकल्याशिवाय पाय चालायचे नाहीत.”

वहिनींनी रोजचा पंप सोडला आणि पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही! उलट त्या खुशीत होत्या, सगळ्यांना सांगत होत्या. इथे भलेभले फसतात. रोज घ्यायच्या पंपातलं स्टेरॉइड श्वासनलिकांची सूज दाबून ठेवतं आणि बंद केल्यावर ती सूज लगेच परत येत नाही, हळूहळू चढते. मधले दिवस औषधाच्या पुण्याईवर निघतात आणि श्रेय रेकीला जातं. पुढे थंडी पडली, आसपासच्या फडांत पाचट पेटायला लागलं, रात्रीचा खोकला सुरू झाला. मॅडमचं उत्तर तयार होतं: हीलिंग क्रायसिस, जुनं विष बाहेर पडतंय, आता थांबलात तर सगळं वाया.

एका पहाटे वहिनींना बोलताना वाक्य पुरं करता येईना. तातडीचा निळा पंपही त्यांनी देवघराच्या मागे टाकून दिला होता, तो सापडला तेव्हा रिकामा. दवाखान्यात नेब्युलायझर, ऑक्सिजन, स्टेरॉइडची इंजेक्शनं. शुद्धीवर, पण घामाने डबडबलेल्या वहिनी मला एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, मॅडमना कळवू नका, त्यांना वाईट वाटेल.” मी कळवलंच. उत्तर आलं की श्रद्धा कमी पडली आणि दिलेली दीक्षा परत घेता येत नसल्यामुळे पैसेही परत मिळणार नाहीत.

हातातून ऊर्जा वाहते या दाव्याबद्दल एक प्रयोग आवर्जून सांगतो. रेकीच्याच जातीच्या ‘थेरप्युटिक टच’ या पद्धतीवर एमिली रोझा या नऊ वर्षांच्या अमेरिकन मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी तो केला. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. त्यातून उपचारकाने दोन्ही हात पलीकडे काढायचे आणि एमिलीने आपला हात त्यातल्या कुठल्या हातावर धरलाय ते ओळखायचं. २१ उपचारकांनी २८० वेळा प्रयत्न केला, त्यातले १२३ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी याहून बरं जमलं असतं. १९९८ मध्ये हे ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. रेकी आयुष मंत्रालयाच्या पद्धतींतही नाही. कुणाला तासभर शांत पडून, कुणीतरी मायेने हात ठेवून बरं वाटत असेल तर वाटू दे, माझं काही म्हणणं नाही. औषधाला हात लावला की तिथे भांडण.

श्वासाचे व्यायाम वहिनी आजही करतात, डॉक्टरांना विचारून. बसून, नाकाने, हळू. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब, रोखून धरायचा नाही, गरगरलं की थांबायचं, निळा पंप हाताशी. कपालभाती आणि भस्त्रिका त्यांना बंद. अशा व्यायामाने दमेकऱ्याला रोजच्या जगण्यात बरं वाटतं, पण नलिकांची सूज त्याने जात नाही, म्हणून पंपाचा डोस डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हलत नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून प्राणायामाची यंत्रं लावून तपासणी केली. आपल्याकडे शंभर वर्षं ही शिस्त असताना सतरंजीवर माणसं धापा टाकतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तक्रारीबद्दल. ‘पंप बंद करा’ हे मॅडमनी कधीच लिहून दिलं नव्हतं, सगळं फोनवर. पण वहिनींनी एकदा मेसेज केला होता, “पंप बंद केलाय, दम लागला तर घेऊ का?” आणि खाली उत्तर होतं, “नको. विश्वास ठेवा.” पुढे तो मेसेज दोन्हीकडून पुसला गेला, मात्र पुतणीने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. पहिली फी यूपीआयने दिली होती, तीही कामी आली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. क्लासच्या जुन्या पत्रकावर मधुमेह आणि कॅन्सर बरा करण्याचा दावा आहे. तशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून ते पत्रक अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळं दिलंय. नव्या पत्रकावर रेकीचा उल्लेखच नाही. आता ‘ब्रेथवर्क शिबिर’ आहे आणि सोबत सतरंजी आणायला सांगितलं आहे.