दोन हेडचा डेक, तीन हेडचा की जोडडेक? आधी कॅसेटी बघा

आखाजीला धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. जेवण झालं न झालं तोच भाच्यानं मोबाइल पुढे केला. "मामा, यातला कोणता कॅसेट डेक घेऊ?" डेक म्हणजे अॅम्प्लिफायरला जोडून कॅसेट वाजवायचं-भरायचं यंत्र, आणि हेड म्हणजे टेपला टेकून आवाज भरणारा, वाजवणारा किंवा पुसणारा त्यातला चुंबकी तुकडा. पहिला डेक जळगावातल्याच एकाकडचा : दोन हेडचा, साधा, पुढे सुयांचे मीटर. दुसरा मुंबईहून कुरिअरनं येणार, तीन हेडचा, किंमत जवळजवळ तिप्पट. तिसरा दोन कॅसेटींचा जोडडेक, दोन्ही बाजू आपोआप वाजवणारा. तो शेजारी फुकट द्यायला तयार होते.

मी म्हटलं, डेक राहू दे, कॅसेटी आण.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून चाळीसेक निघाल्या. निम्म्या विकतच्या, बाकी घरी भरलेल्या. आमच्या आईनं म्हटलेली आखाजीची गाणी, कुणाच्या तरी हळदीतला गोंगाट, आकाशवाणी जळगावचा अर्धवट पकडलेला कार्यक्रम. सगळं टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकाच डब्यात), साध्या फेरिक म्हणजे लोहाच्या ऑक्साइडच्या टेपवर भरलेलं. डबा बघूनच माझं निम्मं उत्तर ठरलं.

तीन हेडचं आकर्षण कशामुळे, ते आधी सांगतो. दोन हेडच्या डेकमध्ये एक हेड पुसण्याचं असतं आणि भरणं-वाजवणं दोन्ही दुसऱ्यावर. भरायला हेडमधली फट जरा रुंद बरी, वाजवायला अरुंद, त्यामुळे तिथे तडजोड आलीच. तीन हेडमध्ये दोन्ही कामं वेगळी. शिवाय टेपवर आत्ताच उतरलेला आवाज क्षणभरात कानावर येतो. बटण दाबून मूळ आवाज आणि टेपवरचा आवाज ताडून बघायचा, लेव्हल आणि बायस (आवाज नीट उतरावा म्हणून भरताना हेडला दिलेला जादा प्रवाह) तिथल्या तिथे सुधारायचा. नाकामिची या जपानी कंपनीनं १९७३ मध्ये कॅसेटच्या डेकमध्ये हे आणलं, तेव्हा कॅसेटकडे बघण्याची लोकांची नजरच बदलली. ज्याला रेकॉर्ड प्लेअरवरून किंवा रेडिओवरून नव्यानं कॅसेटी भरायच्या आहेत, त्यानं तीन हेडचाच घ्यावा. त्यात मला वाद दिसत नाही.

पण भाच्याला वाजवायचंय, तेही दुसऱ्याच मशिनवर भरलेलं. इथे खरी मेख हेडच्या तिरपेपणाची, म्हणजे अझिमथची. कॅसेटची टेप जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद, आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर इतक्या सावकाश सरकते. त्या जुन्या टू-इन-वनचं हेड केसभर कललेलं असेल, तर तसंच कललेलं हेड मिळेपर्यंत बारीक आवाज मिटलेलाच राहतो. माणूस गोधडीखालून बोलतोय असं वाटतं. कॅसेट खराब झाली म्हणून लोक टाकून देतात, आणि ती तर बरी असते.

त्यातली एक कॅसेट मी जळगावला घरी आणली आणि माझ्या दोन हेडच्या डेकवर लावली. दाराचं झाकण वर सरकवून काढलं की हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतात. स्प्रिंगवाला, बहुधा रंगाचा ठिपका लावलेला, तो अझिमथचा. त्याची मूळ जागा पेननं खूण करून ठेवली, अॅम्प्लिफायर मोनोवर टाकला (मोनोवर चूक लगेच कळते, दोन चॅनल जुळले नाहीत की बारीक आवाज एकमेकांना खातात) आणि टेप चालू ठेवून स्क्रू किंचित फिरवत गेलो. पाव फेरासुद्धा झाला नसेल. एकदम झोक्याच्या दोराची करकर ऐकू आली, मागून बांगड्या, मग शब्दांतले 'स' आणि 'च' सुटे झाले. बहिणीला फोन लावून स्पीकरजवळ धरला. ती म्हणाली, "मायनाच आवाज शे हाऊ!" नंतर स्क्रू खुणेवर परत आणला.

हा उद्योग दोन हेडच्या डेकवर बिनधास्त करता येतो. तीन हेडच्या डेकमध्ये भरण्याचं आणि वाजवण्याचं हेड एकमेकांशी जुळवलेलं असतं. दर कॅसेटीला स्क्रू फिरवलात तर ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले तोच घालवाल. जोडडेकमध्ये आपोआप उलटण्यासाठी हेडच गर्रकन फिरतं, दोन्ही दिशांचा अझिमथ वेगळा लावावा लागतो आणि झिजलेल्या यंत्रात तो टिकतही नाही. फुकट असला तरी मी त्याला नाहीच म्हणालो. लग्नाच्या कॅसेटींच्या नकला काढायचे दिवस होते तेव्हा ठीक होतं.

आता रबर. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, आणि माळ्यावर पडलेल्या डेकच्या आत काय होत असेल ते सांगायला नको. माझा पहिला डेक उघडला तेव्हा बेल्ट नव्हताच. होती ती पुलीला चिकटलेली काळी काकवी, दोन दिवस बोटांवरून गेली नाही. म्हणून विकणाऱ्याकडे गोड बोलून एक व्हिडिओ मागा : कॅसेट लावून प्ले दाबलेलं, उजवं चक्र न अडखळता फिरतंय, आणि दोन मिनिटं सलग. उजवं चक्र थांबलं की टेप रबरी रोलरला गुंडाळली गेलीच समजा. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे बेल्टशिवाय मोटरनंच टेप ओढणारा, असं लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका, आतली दुसरी कामं करायला तिथेही बेल्ट असू शकतो. जळगावचा डेक स्वतः जाऊन, स्वतःची कॅसेट लावून बघता येतो, मुंबईचा नाही. मला तेवढा फरक तिप्पट किमतीपेक्षा मोठा वाटतो.

हेडवरून नख फिरवून बघा. खोबण लागली तर हेड झिजलंय. अकाई या जपानी कंपनीची जीएक्स हेडं काच आणि फेराइटची, त्यांना ही झीज फारशी होत नाही, तसा डेक मिळाला तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. खास जपानसाठी बनवलेला डेक १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट घातला की धूर. सोबत ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरा.

डॉल्बीचं बटण बघून भुलायला नको. डॉल्बीचा बी प्रकार सुमारे १० डेसिबल, सी सुमारे २० डेसिबल हिस्स (टेपची सळसळ) कमी करतो, पण भरताना लावलं असेल तरच. टू-इन-वनच्या कॅसेटी डॉल्बी लावून वाजवल्या की उगाच मंद होतात. नवीन भरायच्या असतील तर बी पुरे. टेप ६० मिनिटांची घ्या, ९० मिनिटांची पातळ असते.

आणि काहीही घ्या, आईच्या कॅसेटींच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या पाकळ्या आधी तोडून टाक, असं भाच्याला सांगितलं. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर ती गाणी कुठून आणणार. त्यानं तिथेच बसून चाकूच्या टोकानं घरच्या भरलेल्या सगळ्या कॅसेटींच्या तोडल्या. रविवारी जळगावचा डेक बघायला येतोय. तीन हेडच्या डेकचा फोटो मात्र मोबाइलमधून अजून काढलेला नाही.