डाइव्ह कॉम्प्युटर: 8 महिने, 4 बॅटऱ्या आणि एक बादली

मार्चमधली गोष्ट. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ 6 मीटरवर होतो. एका हातात पुण्याच्या घाबरलेल्या काकूंचा हात, आणि दुसऱ्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटरची कोरी स्क्रीन. (हे घड्याळासारखं यंत्र खोली, वेळ आणि पाण्याखाली अंगात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवतं.) तिसरी बॅटरी गेली होती. त्याच रात्री हा रिव्ह्यू लिहायला घेतला. त्यात अस्सल मालवणी शब्द होते, ते आता काढलेत. का काढले ते खाली येईलच.

फीचर्स थोडक्यात: मनगटी, एकाच गॅसचा हिशेब करणारं साधं मॉडेल, बुलमान अल्गोरिदम (नायट्रोजनचा हिशेब करायची पद्धत), सीआर 2450 बॅटरी, पाणी लागलं की आपोआप चालू. मी मालवणात इन्स्ट्रक्टर. ऑक्टोबर ते मे दिवसाला 5-6 डाइव्ह, बहुतेक पर्यटकांच्या, 5 ते 8 मीटरच्या. एवढ्या उथळ पाण्यात 17 हजारांचं घड्याळ कशाला, हे घरी आणि बोटीवर दोन्हीकडे ऐकून झालंय.

आधी बॅटरी. पहिली डिसेंबरात संपली, दुसरी जानेवारीअखेर, तिसरी ती काकूंबरोबरची. बॅटरी बाजारात 120 रुपयांना मिळते. कंपनीचं 'किट' 950 ला, म्हणजे तीच बॅटरी, एक ओ-रिंग (बॅटरीच्या झाकणातून पाणी आत जाऊ न देणारी रबरी रिंग) आणि नखाएवढी ग्रीसची पुडी. कुरियर करून मुंबईला सर्व्हिस सेंटरला पाठवलं. 19 दिवस ठेवून घेतलं आणि उत्तर आलं, "कोणताही दोष आढळला नाही." तपासणीचे 1,180 रुपये, येण्याजाण्याचं कुरियर आपल्या गळ्यात. फोनवर मी विचारलं, दोष नाही तर पैसे कसले? "सर, दोष नाही हे शोधायचे." यावर काय बोलणार! भर सीझनमध्ये 19 दिवस मित्राचं जुनं घड्याळ मागून घातलं.

एप्रिलमध्ये आमचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, पहाटे बोट धुवायला आले आणि मला हाक मारली. "रे, तुजा घड्याळ बादलीत जागा आसा." मी रोज संध्याकाळी मास्क, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र) आणि हे घड्याळ गोड्या पाण्याच्या बादलीत टाकतो. मीठ निघावं म्हणून. आणि सकाळी काढतो. पाणी लागलं की चालू होणारं यंत्र मी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवत होतो! बिचारं दर रात्री डाइव्ह सुरू होण्याची वाट बघत जागं राहायचं. आता 5 मिनिटं बुडवतो, पाणी ओळखणारे मागचे दोन धातूचे ठिपके फडक्याने कोरडे करतो आणि खिळ्याला टांगतो. चौथी बॅटरी एप्रिलपासून मेअखेरपर्यंत चालली, अजून पूर्ण दाखवते.

तेव्हा बॅटरीला दिलेला एक स्टार मागे घेतो. घड्याळ ओलं ठेवू नका, हे मॅन्युअलमध्ये होतं, पान 41. कोण वाचतो?

पण किटवरचा राग कायम आहे. ओ-रिंगवर एक केस अडकला तरी पाणी आत शिरतं, त्यामुळे रिंग बदलायला माझी ना नाही. पण तेवढी रिंग सुटी का देत नाहीत? आणि एक चूक करू नका. मी एकदा दुपारी, दोन फेऱ्यांच्या मध्ये, बोटीवरच बॅटरी बदलली. या मॉडेलमध्ये बॅटरी काढली की अंगात साठलेल्या नायट्रोजनचा सकाळपासूनचा हिशेब पुसला जातो. आपण सकाळी 3 डाइव्ह केलेत हे त्याला आठवतच नाही. आमच्या सीनियरने सगळ्यांसमोर झापलं आणि दुपारच्या फेरीतून काढलं. बदलायची तर सुट्टीच्या दिवशी, पूर्ण दिवस कोरडा गेल्यावर.

आता बीप. वर यायचा वेग मिनिटाला 10 मीटरच्या पुढे गेला की हे ओरडतं. पहिले दोन महिने वाटायचं, काढून समुद्रात फेकावं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला', आणि ठीक असेल तर बोटांचं वर्तुळ. हे बोटीवर तीनदा सांगतो. तरी व्हिडिओवाला समोर आला की पाहुणा खुशीत अंगठा वर करतोच. मग नियम म्हणून मला त्याला वर न्यावं लागतं. डोकं बाहेर काढून तो विचारतो, "झालं एवढ्यात?" परत खाली. एका फेरीत असं चारदा झालं की बीप, बीप, बीप.

सीनियर म्हणतो, डबीकडे बघू नकोस, आपल्या सगळ्यात बारीक बुडबुड्याच्या पुढे जायचं नाही, झालं. आवाज बंद करायला त्याच्याकडेच गेलो, तर त्याने लॉग उघडला. माझ्या जवळपास प्रत्येक फेरीत शेवटच्या 3-4 मीटरला इशारा होता. उथळ आहे म्हणून मी सुसाट येत होतो. 10 मीटरवरून पृष्ठभागावर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट होते, हे मी रोज पाहुण्यांना सांगतो. श्वास रोखू नका, सांगतो. आणि घाबरलेल्या माणसाचा हात धरून मीच त्याला झरझर वर काढत होतो. बीप चालूच ठेवला. आता दिवसाला एखाद्दुसरा ऐकू येतो.

आणखी एक आवडलं, विमानाचं चिन्ह. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात; तोवर विमानात बसू नका, असं ते सांगतं. चिपी विमानतळावरून संध्याकाळच्या विमानाने जाणारे विचारतात तेव्हा हात पुढे करून दाखवतो. एका डाइव्हनंतर 12 तास, अनेक असतील तर 18, हे तोंडाने सांगितलं की वाद घालतात. स्क्रीनवर दिसलं की ऐकतात. मीही 6 डाइव्ह करून रात्री आंबोली चढून बेळगावला जायचो. घाट 690 मीटरच्या आसपास, म्हणजे तिथेही उंचीचा तोच प्रश्न, तेव्हा आता सकाळी निघतो.

पट्टा भिकार आहे. बकल मेमध्ये तुटलं, मासेमारीच्या दोरीने बांधलंय.

4 स्टार देतोय. कंपनीला पाठवलेल्या तक्रारीच्या मेलमधले पहिले दोन परिच्छेद मागे घेतले, ओ-रिंगची ओळ ठेवली आहे. 1,180 रुपये मात्र मी परत मागितलेले नाहीत. बादलीचं त्यांना सांगावं लागेल.