मका पट्ट्यातील अनुदान : पीएलसी की एआरसी?
अमेरिकेच्या २०१४ च्या कृषी कायद्याने आयोवासारख्या मका पिकवणाऱ्या राज्यांतील शेतकऱ्यांपुढे अनुदानाचे दोन पर्याय ठेवले, पीएलसी (भाव घसरल्यास भरपाई) आणि एआरसी (उत्पन्न घसरल्यास भरपाई), आणि पहिली निवड २०१८ च्या हंगामापर्यंत बदलता येणार नव्हती. पीएलसी केवळ भाव पाहते. मक्याचा देशातील सरासरी हंगामी भाव बुशेलला (मक्याचे सुमारे २५ किलो) ३.७० डॉलर या त्या कायद्याने ठरवलेल्या संदर्भ भावाखाली गेला, तरच फरक मिळायचा. एआरसी-कौंटी भावाबरोबर कौंटीचे (जिल्ह्यासारख्या विभागाचे) सरासरी उत्पादनही विचारात घेते; त्या कायद्यानुसार ती मागील पाच वर्षांतील सर्वांत चांगले व सर्वांत वाईट वर्ष वगळून काढलेल्या सरासरी उत्पन्नाच्या ८६ टक्क्यांखाली घसरण झाल्यास भरपाई देत असे, मात्र ही भरपाई त्या सरासरीच्या १० टक्क्यांपुढे जात नसे.

२०१४ चा सरासरी भाव नेमका ३.७० डॉलर ठरल्याने पीएलसीतून मक्याला छदामही मिळाला नाही, तर आधीच्या चढ्या भावांवर बेतलेल्या एआरसीने अनेक कौंटींत चांगली रक्कम दिली. पण घसरते भाव सरासरीत शिरू लागताच तिची धारही कमी होत जाते, म्हणून दीर्घ मंदीत पीएलसीच अधिक भरवशाची वाटते. शिवाय एकट्याच्या शेतावर गारपीट झाली आणि बाकी कौंटी बहरली, तर एआरसीचा उपयोग नाही. दोन्हींचे पैसे मात्र जुन्या नोंदींवरून त्या पिकासाठी ठरलेल्या पायाभूत क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर मिळतात, मग यंदा तिथे काहीही पेरलेले असो!