ग्रेट सर्कल मॅपर: अंतर बिनचूक, वेळ मात्र स्वतः काढा

दोन विमानतळांमधलं अंतर हवं असेल तर ग्रेट सर्कल मॅपर ही साइट डोळे झाकून वापरावी. चौकटीत विमानतळांच्या तीन अक्षरी कोडची जोडी रोमन अक्षरांत टाका, मध्ये आडवी रेघ. वाटेत थांबा असेल तर तिसरा कोड मध्ये घाला. दोन मार्गांची तुलना करायची असेल तर मध्ये स्वल्पविराम द्या. आकडा सुरुवातीला मैलांत येतो; एकक बदलून किलोमीटर करून घ्या. सागरी मैल निवडलात तर तो 1.852 किलोमीटरचा असतो, साधा मैल 1.609 चा. इथे गफलत झाली की हिशेबच चुकतो.

मुंबई-न्यूयॉर्क येतं सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. नकाशावरची रेघ अफगाणिस्तान, सेंट पीटर्सबर्गचा परिसर, नॉर्वे, आइसलँड अशी कमान घेते. सपाट कागदावर तो वळसा वाटतो, पृथ्वीच्या गोलावर मात्र तीच सर्वांत जवळची वाट.

घोळ होतो तो वेळेचा. मुंबई-लंडन 7,200 किलोमीटर, ताशी 900 ने भागलं की आठ तास. वेळापत्रकात मात्र जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना नऊच्या आसपास दिसतात. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीशी. शिवाय छापील वेळ गेटपासून गेटपर्यंतची. धावपट्टीकडे जाणं, रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या सगळं त्यातच. साइटवर वेग टाकायची सोय आहे, पण वारा आणि बंद हवाई हद्द तिच्या हिशेबात नाहीत.

हद्दीचा मामला किरकोळ नाही. मुंबई-लंडनची सरळ रेघ पाकिस्तानवरून जाते आणि 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. अशा वेळी मस्कतचा कोड मध्ये घालून बघा: सुमारे 200 किलोमीटर वाढतात, म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटं. दिल्लीहून निघणाऱ्यांना हा फटका जास्त बसतो, कारण त्यांना आधी दक्षिणेला वळावं लागतं. खरा मार्ग मस्कतच्या डोक्यावरूनच जाईल असं नाही, पण अंदाजाला एवढं पुरतं.

गोव्याचे दोन कोड आहेत, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. लांबच्या प्रवासात त्यांच्यातल्या अंतराने काही बिघडत नाही, तिकीट काढताना मात्र बिघडतं.

आणखी एक: निघण्या-पोचण्याच्या वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्क आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. तिकडे जाताना प्रवासाचा वेळ काढायचा तर पोचण्याच्या वेळेत हा फरक मिळवून मगच निघण्याची वेळ वजा करा.