बॉल जागेवरच होता, मशीन म्हणालं १३१ यार्ड

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये आमचं नेट लावलेलं आहे, तिथे माझी तेरा वर्षांची लेक गोल्फचा सेव्हन आयर्न (मध्यम पल्ल्याचा क्लब, म्हणजे काठी) घेऊन उभी होती. बॉल मारायच्या आधी ती नेहमी एक मोकळा स्विंग घेते, तसा तिने घेतला. क्लब बॉलच्या वितभर अलीकडून गेला. तरी फटका मोजणाऱ्या मशीनला जोडलेला स्टुलावरचा फोन टिंग वाजला आणि पडद्यावर आकडे आले. कॅरी (बॉल हवेतून जातो ते अंतर) १३१ यार्ड, लाँच अँगल (बॉल वर उडतो तो कोन) १७.८, स्पिन (बॉलचे मिनिटाला फेरे) ६,२४०, दिशा तीन यार्ड डावीकडे.

"बाबा, बॉल तर इथेच आहे," ती म्हणाली.

त्या क्षणी मला कळलं की आपण ३८,००० रुपयांना फसलो आहोत. पण पैशांचं दुःख मागे पडावं असं बरंच काही त्या चार महिन्यांत होऊन गेलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, विशेषतः मुलांना गोल्फ शिकवणाऱ्या आईवडिलांसाठी.

पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत रेंजवरचा, म्हणजे मोकळ्या सराव-मैदानावरचा, सराव अर्धा पावसात जातो. मे महिन्यात तिचे सर म्हणाले, पावसाळ्यात नेटमध्ये मारू दे, पण नेटमध्ये बॉल किती लांब गेला असता ते कळत नाही, छोटं लाँच मॉनिटर, म्हणजे फटका मोजणारं मशीन, मिळालं तर बघा. मी शोधायला लागलो. अकादम्यांमध्ये असतं ते ट्रॅकमन लाखांच्या घरातलं, आपल्या आवाक्याबाहेरचं. घरगुती वापरासाठी गार्मिनचं आर१० किंवा रॅप्सोडोचं एमएलएम२प्रो ही नावं सारखी समोर येतात. बाहेर त्यांच्या किमती तेव्हा सहाशे-सातशे डॉलरच्या आसपास होत्या. इथे आणायचं तर वर कस्टम ड्युटी, जीएसटी, आणणाऱ्याचा नफा. शिवाय हात लावून बघता येईल अशी दुकानं शोधूनही सापडत नाहीत. ही जी फट आहे ना, किंमत परवडत नाही आणि दुकान सापडत नाही, तिथेच मला फसवणारा हा माणूस उभा होता.

इन्स्टाग्रामवर त्याची जाहिरात दिसली. नामांकित कंपनीचं मशीन, सीलबंद, ३८,००० रुपये. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिचा यात काही दोष नाही. मी सावध होतो, म्हणून आधी डेमो मागितला. तो लगेच तयार झाला, रविवारी सकाळी स्वतः रेंजवर आला. मराठीच बोलत होता, अदबीने. मशीन बॉलच्या मागे सात फुटांवर ठेवलं, स्वतःच्या फोनवर कंपनीचं अॅप उघडलं आणि लेकीला वीस बॉल मारायला लावले. १०८, १११, १०६. शंभर यार्डांच्या पाटीच्या थोडं पुढे बॉल पडताना आम्हाला डोळ्यांनी दिसत होते. सरांनीही मान डोलावली. त्याने तिचे दोन-तीन फोटो काढले. "आमच्या पेजवर टाकतो, चालेल ना सर?" मी हो म्हटलं.

मग तो म्हणाला, "हा माझा डेमो पीस आहे, वापरलेला. तुम्हाला नवा सीलबंद देतो, तीन दिवसांत कुरिअरने येईल." फसवणूक सगळी या एका वाक्यात होती. तपासलं ते एक मशीन, आणि पैसे दिले दुसऱ्याचे. त्याच संध्याकाळी १०,००० यूपीआयने पाठवले, कुरिअरचा नंबर आल्यावर २८,०००. यूपीआयवर दुकानाचं नाव न येता एका माणसाचं आलं. विचारलं तर म्हणाला, "चालू खात्याची लिमिट संपलीय सर, बिल देतो ना." बिल आलंही, त्यावर जीएसटी नंबरही होता. तो जीएसटी पोर्टलवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. मी बघितला नाही.

खोका झकास होता. प्लास्टिकचं वेष्टण, आत माहितीपुस्तिका, हातात घेतल्यावर मशीनला वजनही बरोबर. फक्त कंपनीच्या अॅपला ते सापडेना. तासभर खटपट करून मी त्याला मेसेज केला. उत्तर आलं की हे इंटरनॅशनल युनिट आहे, याचं अॅप वेगळं, आणि सोबत एपीके फाइल. म्हणजे प्ले स्टोअरवर नसलेलं अॅप. त्या अॅपने कॉन्टॅक्ट मागितले, फोटो मागितले, एसएमएस वाचायची परवानगी मागितली. एसएमएसची मी दिली नाही. बँकेचे ओटीपी त्याच फोनवर येतात, त्यामुळे आज तो प्रसंग आठवला तरी पोटात गोळा येतो.

पहिल्याच संध्याकाळी सेव्हन आयर्नचा आकडा आला १३४. लेक उड्या मारायला लागली. मला खटकलं, पाच दिवसांपूर्वी हीच मुलगी ११०च्या आसपास मारत होती. मी त्याला फोन केला. त्याने दिलेलं उत्तर जसंच्या तसं सांगतो, कारण हेच उत्तर तुम्हालाही मिळेल: "सर, रेंजचे बॉल कमी जातात. घरी तुम्ही नवे बॉल वापरताय. हा तिचा खरा नंबर आहे."

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. रेंजचे बॉल झिजलेले असतात, काही मुद्दाम कमी उडावेत असेच बनवलेले असतात. गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, तो हो म्हणेल. मीही दोघांना विचारलं, दोघेही हो म्हणाले. पण ११० यार्डांच्या फटक्यात निव्वळ बॉलमुळे पंचवीस यार्डांची भर पडते का, हे मी कुणालाच विचारलं नाही. खरं सांगायचं तर ऐकायलाही नको होतं. आपल्या मुलीचं कौतुक करणाऱ्या मशीनवर संशय घेणं फार कठीण असतं, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

पावसाळाभर ती आठवड्यातून चार दिवस गच्चीवर मारत होती. एका वहीत प्रत्येक क्लबपुढे आकडा लिहिला होता. सेव्हन आयर्न १३०, नाइन आयर्न ११२, पिचिंग वेज ९८. सप्टेंबरअखेरीस एका ज्युनियर स्पर्धेत पार थ्रीचा, म्हणजे तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला, होल आला. १२५ यार्ड, मध्ये तळं. तिने वही आठवून सेव्हन आयर्न काढला. फटका सुरेख बसला, आवाजावरूनच कळलं. बॉल पाण्यात. पेनल्टी घेऊन पुन्हा तोच क्लब, पुन्हा तसाच स्वच्छ फटका, पुन्हा पाण्यात. त्या एका होलवर नऊ फटके झाले.

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. चांदणी चौक ओलांडल्यावर म्हणाली, "माझा स्विंग बिघडलाय का?" आणि मी म्हटलं, "स्विंग बरोबर आहे गं, तू दडपणाखाली आलीस." मी मशीनची बाजू घेतली. पुढचा आठवडाभर ती जास्त ताकद लावून मारत राहिली, कंबर दुखेपर्यंत. अडतीस हजार गेले ते गेले, पण ते वाक्य मला परत घेता येत नाही.

मोकळ्या स्विंगच्या त्या रात्री आम्ही दोघांनी तासभर ते मशीन तपासलं. अॅपमध्ये क्लब बदलून ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) निवडला, बॉल काढूनच टाकला आणि तिने पुन्हा सेव्हन आयर्न हवेत फिरवला. २०४ यार्ड. मी शेडमधला खराटा घेऊन फिरवला. ८४ यार्ड, दोन यार्ड उजवीकडे. लाँच अँगल निवडलेल्या क्लबप्रमाणे बदलत होता, कसंही फिरवा. जुन्या नोंदी चाळल्या तर सेव्हन आयर्नचा स्मॅश फॅक्टर प्रत्येक फटक्याला १.५२.

हा आकडा नीट समजून घ्या, कारण खोटं मशीन इथे सहज पकडता येतं. बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग म्हणजे स्मॅश फॅक्टर. नियमांमुळे ड्रायव्हरच्या पट्टीची उसळी मर्यादित ठेवलेली असते, त्यामुळे अगदी मधोमध बसलेल्या ड्रायव्हरच्या फटक्यालाही तो १.५०च्या आसपास थांबतो. सेव्हन आयर्नला त्याहून बराच कमी. ट्रॅकमनने प्रसिद्ध केलेल्या एलपीजीएच्या (महिला व्यावसायिक खेळाडूंच्या) सरासरीत सेव्हन आयर्नला क्लबचा वेग ताशी ७६ मैल, बॉलचा १०४, कॅरी १४१ यार्ड. भागून बघा, १.३७ येतो. जगातल्या उत्तम खेळाडूंचा हा आकडा. तेरा वर्षांच्या मुलीला दर फटक्याला १.५२ दाखवणारं यंत्र काही मोजत नाही.

दुसऱ्या दिवशी ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत ओळखीच्या कारागिराकडे नेलं. त्याने चार स्क्रू काढले. आत एक छोटी बॅटरी, ब्लूटूथचा बोर्ड आणि, त्याच्या भाषेत, "मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दाराला असतो तसला सेन्सर". आणि तळाला डिंकाने चिकटवलेल्या लोखंडाच्या दोन पट्ट्या. त्याने एक नखाने उचकटून माझ्या हातावर ठेवली. "ही वजनासाठी," म्हणाला. खोका उघडताना ज्या वजनाने माझी खात्री पटली होती, ते हे.

समोर हललेल्या वस्तूचा वेग तो सेन्सर ओळखत होता, एवढंच. पुढचं सगळं अॅप गुणाकार करून रचत होतं, आणि दिशा तर मनाला येईल ती. खरं रडार मशीन मारल्यानंतर बॉलचा पाठलाग करतं, म्हणून त्याला जागा लागते. आर१०चंच बघा, मशीन बॉलच्या मागे सहा ते आठ फूट आणि पुढे बॉलला उडायला किमान आठ फूट. कॅमेऱ्यावर चालणारी काही मशीन्स बॉलच्या शेजारी ठेवतात, ती कमी जागेत चालतात. स्पिनसाठी स्वस्त मशीन्सना बऱ्याचदा बॉलवर खूण लागते, एमएलएम२प्रोला खास छापाचे बॉल, मेव्हो नावाच्या मशीनला धातूचा ठिपका. साध्या पिवळ्या बॉलवर कुठेही ठेवून शेवटच्या आकड्यापर्यंत स्पिन सांगतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. बॉलशिवाय क्लब फिरवायला सांगा. खरं मशीन फार तर क्लबचा वेग दाखवेल, कॅरी दाखवणार नाही. ज्या पीसवर मुलाने बॉल मारले तोच पीस घ्या, वापरलेला असला तरी. प्ले स्टोअरवरच्या कंपनीच्या अॅपला तो तुमच्या फोनवर, विकणाऱ्यासमोर जोडून बघा, आणि सीरियल नंबर कंपनीला मेल करून मगच पैसे द्या. मी मेल केला तो ऑक्टोबरमध्ये. उत्तर आलं की हा क्रमांक आमचा नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर पोर्टलवरही नोंदवली. हेल्पलाइनवरच्या बाई नीट बोलल्या. त्या म्हणाल्या, पैसे गेल्यागेल्या कळवलं असतं तर पुढच्या खात्यात अडवता आले असते, चार महिन्यांनी अवघड आहे. बिलावरचा जीएसटी नंबर ०७ने सुरू होतो, म्हणजे दिल्ली. पत्ता ठाण्याचा छापलेला. महाराष्ट्राचा नंबर २७ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर तो एका कापड व्यापाऱ्याच्या नावावर निघाला, त्यालाही हे माहीत नसणार. विकणाऱ्याचा फोन बंद आहे. मशीन पट्ट्यांसकट खोक्यात ठेवलंय, तपासासाठी कधीतरी मागतील.

सरांनी एका अकादमीत तासभर ट्रॅकमन मिळवून दिलं. लेकीचा सेव्हन आयर्न ११० यार्ड, क्लबचा वेग ताशी ६४ मैल, बॉलचा ८४. डेमोच्या दिवशी आला होता जवळजवळ तोच आकडा. तिने वहीतले जुने आकडे लाल पेनने खोडले आणि शेजारी नवे लिहिले. मी तिची माफी मागितली. ती "ठीक आहे बाबा" म्हणाली, पण ते पान तिने फाडलं नाही.

परवा इन्स्टाग्रामवर तेच मशीन पुन्हा दिसलं. पेजचं नाव नवं, किंमत ३६,०००, "फक्त दोन पीस शिल्लक". खाली मी लिहिलं, दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं. बायकोच्या फोनवरून पेज उघडून जाहिरात नीट बघितली. फोटोत मागे दिसते ती आमची रेंज आहे, शंभर यार्डांची पाटीसुद्धा वाचता येते. आणि मॅटवर पाठमोरी उभी आहे ती माझी मुलगी. तो फोटो काढून टाकावा म्हणून वेगळी तक्रार केलीय. आज सकाळपर्यंत तो तिथेच होता.