नेव्हीच्या फुटबॉलचं सीझन तिकीट घ्यावं का? माझा २०२३ चा अनुभव

मेरीलँडला येऊन बरीच वर्षं झाली पण अमेरिकन फुटबॉल काही डोक्यात शिरत नव्हता, शेवटी २०२३ ला लेकाने हट्टच धरला म्हणून अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीच्या टीमचं सीझन तिकीट काढलं. त्या वर्षी त्यात सहा होम मॅचेस मिळाल्या. माझं माहेर साताऱ्याचं, भाऊ तिथल्या सैनिक स्कूलचा, त्यामुळे परेड, बँड, कडक इस्त्रीचे कपडे हे मला घरचंच वाटतं.

सगळ्यात भारी काय असेल तर मार्च-ऑन. मॅचच्या आधी अकॅडमीचे मिडशिपमन (तिकडच्या कॅडेट्सना हेच म्हणतात) गावातून चालत स्टेडियमला येतात आणि अख्ख्या ब्रिगेडने मैदान भरून जातं, चार हजारांवर पोरंपोरी एका तालात! माझ्या तर पहिल्या वेळेला डोळ्यात पाणी आलं, भावाची पासिंग आऊट परेड आठवली. स्टेडियम १९५९ चं आहे, साधारण ३४ हजार माणसं बसतात, आणि वर भिंतीवर मिडवे, ग्वाडलकॅनल, इवो जिमा अशी लढायांची नावं लिहिलेली आहेत. खुर्च्यांवर पण कुणाकुणाच्या स्मरणार्थ लावलेल्या पाट्या आहेत, बसायच्या आधी वाचा जरूर. नेव्हीने पॉइंट केले की फर्स्ट इयरची पोरं स्कोअर असेल तेवढ्या पुशअप्स काढतात, लेकाने आमच्या रांगेतच त्यांच्याबरोबर चालू केलं.

आता खेळ. त्या वर्षी कोच नवीन, ब्रायन न्यूबेरी. आधीचे केन निउमातालोलो १५ सीझन होते, १०९ मॅच जिंकलेले, नेव्हीच्या इतिहासात सगळ्यात जास्त, पण त्यांचे शेवटचे तीन सीझन वाईट गेले आणि २०२२ ला आर्मीशी (वेस्ट पॉइंटच्या मिलिटरी अकॅडमीची टीम) डबल ओव्हरटाइममध्ये हरल्यावर त्यांना काढलं. न्यूबेरी २०१९ पासून इथेच डिफेन्स सांभाळत होते, आणि ते खेळात स्पष्ट दिसतं. वॅग्नरला शून्यावर ठेवलं, २४-०. शार्लटला त्यांच्या घरी जाऊन १४-०. ईस्ट कॅरोलायनाला १०-०, ही आम्ही स्टेडियममध्ये बघितली आणि खरं सांगते मला तीच सगळ्यात जास्त आवडली, एकेका यार्डासाठी पोरं अशी भिडत होती की बस. यूएबीला ३१-६ ने हरवलं, नॉर्थ टेक्सासशी २७-२४ असं निसटतं जिंकलो. म्हणजे घरच्या सहापैकी चार जिंकल्या, तिकीटवाल्या माणसाला अजून काय हवं.

ऑफेन्स मात्र रडवायचा. हे खेळायचे ट्रिपल ऑप्शन, म्हणजे क्वार्टरबॅक (बॉल हातात घेऊन खेळ चालवणारा) ऐनवेळी ठरवतो, बॉल मधल्या फुलबॅकच्या पोटात द्यायचा, स्वतः पळायचं की बाजूच्याकडे फेकायचा. जमलं की बघायला इतकं सुंदर, पण २०२३ ला क्वार्टरबॅकच सारखे बदलत होते आणि या खेळात टायमिंग हेच सगळं. एअर फोर्सशी घरच्या मैदानावर ६-१७ ने हरलो. डब्लिनला नोत्र दामकडून ४२-३ आणि शेवटी शेवटी एसएमयूकडून ५९-१४, या दोन टीव्हीवर बघितल्या, लेक मध्येच उठून गेला.

आर्मीची मॅच या तिकिटात नसते, ती त्रयस्थ ठिकाणी होते, त्या वर्षी बोस्टनजवळ फॉक्सबरोला होती. १७-११ ने हरलो. शेवटचे काही सेकंद, चौथा डाऊन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), आमचा क्वार्टरबॅक लावाताई गोल लाइनच्या इंचभर अलीकडे अडवला गेला. सीझन ५-७, म्हणजे पाच जिंकल्या, सात हरल्या. मॅच झाल्यावर दोन्ही टीम एकत्र उभ्या राहून दोन्ही अकॅडम्यांची गाणी म्हणतात, आधी हरलेल्यांचं मग जिंकलेल्यांचं, आणि ती पोरं मातीने माखलेली, रडत, पण ताठ उभी होती. यांना फी नाही पण ग्रॅज्युएट झाल्यावर किमान पाच वर्षं नोकरी करावीच लागते, यातला कुणी पाणबुडीवर जाणार कुणी मरीन्समध्ये, हे डोक्यात ठेवून बघितलं की ५-७ वर नुसती चिडचिड करवत नाही.

तक्रार एकच, पार्किंग. एका खासगी लॉटवाल्याने ऑनलाइन पैसे घेतले आणि गेटवर गेल्यावर फुल झालंय म्हणाला, त्या गडबडीत एअर फोर्सच्या वेळचा मार्च-ऑन चुकला, लेक दिवसभर बोलला नाही. त्यामुळे स्टेडियमच्याच लॉटचा पास काढा आणि किकऑफच्या तीन तास आधी पोचा, तिथे लोक गाडीमागे टेबलं मांडून खातपीत बसतात, आम्ही थालीपीठ आणि लोणी न्यायचो, शेजारच्या आजोबांनी (जुने नेव्हीवाले) दोन मागून खाल्ली आणि बदल्यात लेकाला कुठला डिफेन्स काय करतो ते कागदावर काढून समजावलं.

पाचपैकी साडेचार स्टार. २०२४ चं पण घेतलं, नवीन ऑफेन्सवाले ड्रू क्रॉनिक आले आणि टीम १०-३ वर गेली, आर्मीला ३१-१३ ने हरवलं. त्या दिवशी नेव्हीचं गाणं दुसरं वाजलं तेव्हा लेक घरात सोफ्यासमोर उभा राहून म्हणत होता, सगळे शब्द पाठ.